खंडेनवमीचे तूप

सदूमामा गेल्याचे कार्ड आले तेव्हा मी होस्टेलच्या मेसमध्ये जेवायला बसलो होतो. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. त्यामुळे कोणीतरी गेले हे वाचण्याआधीच कळले, फक्त कोण ते कळायचे होते. शेजारच्या मुलाने विचारले, "कोण रे?" मी म्हणालो, "मामा. अकोल्याचा." तो म्हणाला, "कोण, तो स्प्रिंगवाला?" आणि मग त्याच्याच ध्यानात आले. त्याने मान खाली घातली आणि उगीच वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. अमरावतीत माझ्या मामाचे नावच ते पडले होते. मी ताट सोडून उठलो, विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घेतले आणि तिथेच बसून राहिलो... रडू आले नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मला लेख लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि छापण्यासारखे आजवर काही लिहिलेले नाही. तरी त्या एका शब्दासाठी लिहीत आहे. स्प्रिंगवाला म्हणजे दुसऱ्याच्या बंदुकीतली चांगली स्प्रिंग काढून घेऊन हलकी बसवणारा, असा त्याचा अर्थ इथे लावतात. माझ्या मामाने तसे केले नाही. हे मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो.

मामा परतवाड्याजवळच्या आमच्याच गावचा. वांगी, मिरची आणि थोडी संत्री यांवर जगणारे आमचे घर. मामाला मातीत काम करणे कधी जमले नाही. तो बडनेऱ्याला रेल्वेत फिटरच्या हाताखाली लागला आणि तिथे एका दुपारी डाव्या हाताची दोन बोटे गमावून बसला. मग अकोल्याला मोर्णेच्या पुलाजवळ त्याने एक अरुंद दुकान घेतले. शिलाईची यंत्रे, स्टोव्ह, कुलुपे असे सगळे तो दुरुस्त करी, पण त्याचा जीव छऱ्याच्या बंदुकीत. ही बंदूक हवेवर चालते. नळी मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग दबते. चाप ओढला की ती सुटते आणि दट्ट्याला पुढे ढकलते. दट्ट्या पुढची हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला बाहेर फेकते. दारू नाही, विस्तव नाही. संत्र्याच्या बागांवर पोपटांचे थवे पडतात, त्यांना उठवायला बागाईतदार ही बंदूक ठेवतात. पातुरापासून मूर्तिजापुरापर्यंतच्या बागांतल्या बंदुका मामाकडे येत. हवा कडेने निसटू नये म्हणून दट्ट्याला चामड्याचे वायसर लागते, ते तो स्वतः कापून घडवी. त्यावरून आमच्या जातभाईंनी त्याला कमी बोलून घेतले नाही. माझे वडीलच एकदा म्हणाले, "सदू, माळ्याचं पोरगं तू, चामडं कापून राहिला." मामा म्हणाला, "दाजी, तुमच्या मोटीले काय रेशीम लावता?" आमच्या विहिरीवरची मोट चामड्याचीच होती.

मी अमरावतीला आलो तो एका वकीलसाहेबांच्या शब्दावर. शेतकऱ्यांच्या, बागवाल्यांच्या मुलांसाठी चालणाऱ्या आमच्या होस्टेलच्या कमिटीवर ते आहेत. त्यांचे नाव मी लिहीत नाही. अमरावतीत ज्यांना कळायचे त्यांना कळेल. त्यांनी मला जागा दिली हे मी विसरलेलो नाही. खरे सांगायचे तर ते मी एक क्षणही विसरलो नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला. त्यांची बडनेऱ्याच्या रस्त्याला संत्र्याची बाग आहे. पहिल्या वर्षी भाद्रपदात त्यांनी मला घरी बोलावले. मी ओसरीच्या पायरीशी उभा राहिलो. ते म्हणाले, "तुझा मामा बंदुका दुरुस्त करतो म्हणे. आमचीत जोर राहिला नाही. छर्रा पोपटाच्या पंखाला लागून खाली पडतो, पोपट उडून जातो. स्प्रिंग गेली असेल. मात्र विलायती वस्तू आहे, जपून हाताळायला सांग." मी बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरली. लढाई चालू होती. डब्यातल्या एका म्हाताऱ्याने गोणपाटातून डोकावणारी नळी पाहून विचारले, "काय बाप्पा, जर्मनीवर निघाला का?" सगळा डबा हसला. मीही हसलो. तो प्रवास मला आनंदाचा वाटला होता. वकीलसाहेबांचे काम माझ्या मामाकडून होणार, याचा मला अभिमान वाटत होता.

त्या दिवशी मामाने काय काय केले ते मी ओळीने सांगतो, कारण पुढे जे झाले ते त्यावरच अवलंबून आहे. त्याने बंदूक लगेच उघडली नाही. म्हणाला, "जोर गेला का लोक आधी स्प्रिंगले शिव्या देते. स्प्रिंग बिचारी आखरी मरते. हवा कुठून पळून राहिली ते पाह्य आधी." त्याने धुण्याच्या साबणाची वडी फळीला टेकवून उभी केली, हातभर अंतरावरून एक छर्रा मारला आणि भोकात आगकाडी घालून खोली पाहिली. काडीचे नुसते डोके बुडले. मग नळी जिथे मोडते त्या सांध्यावर त्याने सरकीवरून ओढलेले कापसाचे पीस ठेवले आणि पुन्हा चाप ओढला. पीस जागचे हलले नाही. "सांधा चांगला हाय. हवा इथून जात नाई. म्हणजे रोग आत हाय." तेवढ्यात नळीच्या तोंडातून बारीकसा धूर आला. मामाने नाक जवळ नेले आणि माझ्याकडे पाहून हसू लागला. "पाह्य रे, वास घे. वकिलाची बंदूक शिरा करून राहिली."

खरोखरच करपलेल्या तुपाचा वास होता. मामाने बंदूक लोखंडी पकडीत आवळली, हळूहळू पकड ढिली करीत स्प्रिंग पूर्ण मोकळी होऊ दिली आणि मग ती माझ्या हातात दिली. "धर. पुसून काढ." मी ती चिंधीने पुसली. शेवटच्या वेढ्यावर जवाच्या दाण्याएवढी एक खाच होती. मी अंगठा त्या खाचेवरून फिरवल्याचे मला आठवते. मामाने स्प्रिंग सपाट काचेवर लोळवून पाहिली. सरळ होती, खचलेली नव्हती. दट्ट्याचे वायसर मात्र कडक होऊन कडेने जळले होते, आणि नळकांड्याच्या आत कुंकवाचा, हळदीचा आणि तुपाचा थर बसला होता, देवाच्या समईखाली बसतो तसा. तेव्हा मामाला सगळे उमजले. "खंडेनवमी," तो म्हणाला. "दरसाल हेच. दसऱ्याच्या मागून सगळ्या वऱ्हाडातल्या बंदुका नरम पडते. शस्त्र म्हणून पूजा करते, अन् भक्तीनं हवेच्या भोकात तूप सोडते. तूप आत गेलं का दाबानं पेटते. पहिल्या दोन बारांले असा आवाज होते का घरचे म्हणते, वा, देवीनं जोर देला. तो जोर नसते रे, ते वायसर जळते."

त्याने नवे वायसर कापले, दिवसभर एरंडेलात मुरवले, पिळून कोरडे केले आणि बसवले. चरबी वापरली नाही, कारण घर कोणाचे ते त्याला माहीत होते. स्प्रिंग तीच घातली, मी पुसलेली. दुसऱ्या दिवशी साबणात काडी अर्ध्यापर्यंत बुडाली. मग बंदूक पुन्हा गोणपाटात बांधताना तो म्हणाला, "वकीलसाहेबाले सांगजो. पूजा खुशाल करा म्हणा. लाकडी दस्त्याले कुंकू लावा, वर फूल ठेवा. नळीत अन् भोकात मात्र तेल-तूप नाई. एक थेंब नाई. सांगशील ना?" मी म्हणालो, सांगेन. तो म्हणाला, "भुलू नको बरं. बाकी सगळं काम म्या केलं, एवढं तुह्याकडे हाय."

मी भुललो नाही, म्हणजे विसरलो नाही. हेच लिहायला जड जाते... भुललो असतो तर आज इतका राग आला नसता. मी बंदूक घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो तेव्हा ते कोर्टात होते. त्यांच्या आई ओसरीवर आल्या. वयाने खूप मोठ्या, मायाळू बाई. त्यांनी वरून माझ्या ओंजळीत दोन लाडू टाकले आणि विचारले, "त्यात चरबीबिरबी तर नाही ना घातली त्याने?" मी म्हणालो, "नाही आजी. एरंडेल लावलं." त्यांनी कपाळाला आठी घातली. "एरंडेल? अरे, शस्त्राला एरंडेल कोण लावतं? आता नवमीला पूजेत घरचं तूप लावीन, म्हणजे शुद्ध होईल. काय?" निरोप सांगायची जागा ती होती. तो माझ्या तोंडात तयारही होता. पण पूजा कशी करावी हे पायरीवर उभ्या असलेल्या मी, ओसरीवरच्या त्यांना, कसे सांगावे... मी म्हणालो, "हो आजी." लाडू खाल्ले, पाणी वरून घेतले आणि होस्टेलवर आलो. वकीलसाहेबांना पुढे चारदा भेटलो. चारही वेळा त्यांनी अभ्यासाचे विचारले आणि चारही वेळा मी अभ्यासाचेच सांगितले.

नवमीला तूप गेले. दसऱ्याला बागेत बार काढला तेव्हा म्हणे खरी बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. दिवाळीच्या आत बंदूक मेली. वकीलसाहेबांनी ती चौकातल्या एका सायकलवाल्याकडून उघडवली. स्प्रिंगचे दोन तुकडे निघाले. सायकलवाल्याने बंदूक उघडण्याचे काम पूर्वी कधी केले नव्हते, तरी त्याने सांगून टाकले, "साहेब, हा देशी माल हाय. विलायती कुठं तुटते?" लढाईमुळे विलायती स्प्रिंगा यायच्या बंद झाल्या होत्या, तेव्हा चांगली स्प्रिंग मामानेच काढून ठेवली असेल हे सगळ्यांना पटले. वकीलसाहेबांनी मामाला कार्ड टाकून बोलावून घेतले, आणि मलाही.

ओसरीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर तुकडे मांडले होते. वकीलसाहेब आरामखुर्चीत, त्यांचा कारकून, सायकलवाला आणि कामासाठी आलेले दोन पक्षकार. मामा टोपी हातात घेऊन खाली उभा होता. वकीलसाहेब आवाज न चढवता म्हणाले, "आता अशी स्प्रिंग बाजारात मिळत नाही, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही ठाऊक आहे. आमची कुठे आहे?"

"हे तुमचीच हाय साहेब," मामा म्हणाला. "तुटली कावून ते पाहा. आत तूप पेटलं, त्याचा धक्का मागं स्प्रिंगले बसला. वायसर पाहा, कोळसा झाला त्याचा."

"तूप पेटून पोलादी स्प्रिंग तुटली?" वकीलसाहेब पक्षकारांकडे पाहून हसले. "हे कोर्टात सांगा एकदा. न्यायाधीशांची करमणूक होईल."

"म्या निरोप धाडला होता साहेब. तूप घालू नका म्हणून."

"असं? कोणाजवळ?"

मामाने माझ्याकडे पाहिले. एकदाच. त्याला तिथेच कळले असावे, कारण माझे तोंड मला आरशात न पाहताही कसे दिसत असेल ते ठाऊक आहे. वर्तमानपत्रावर जो तुकडा माझ्या बाजूला होता, त्याच्या शेवटच्या वेढ्यावर जवाएवढी खाच होती. मी ती पाहिली. एवढेच बोलायचे होते, की ही खाच मी अकोल्याला पुसली आहे, आणि निरोप माझ्याकडे होता, मी दिला नाही. दोन वाक्ये. मी होस्टेलचा विचार करीत होतो. मामा म्हणाला, "राहून गेला असन साहेब. माह्याकडूनच राहून गेला असन."

"म्हणजे स्प्रिंगही नाही, आणि निरोपही नाही," वकीलसाहेब म्हणाले. "या आता." सायकलवाला हसला. मी फाटकापर्यंत मामाबरोबर गेलो. मला वाटले तो काही बोलेल, शिव्या देईल. त्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. तो टोपी घालून म्हणाला, "जाय, मेसची वेळ झाली असन तुही." आणि बडनेऱ्याच्या रस्त्याला लागला.

बागांचे मालक आणि वकील एकमेकांना ओळखतात, त्यामुळे स्प्रिंगवाला हे नाव अकोल्याला पोचायला फार दिवस लागले नाहीत. मामाकडे आधी बंदुका यायच्या थांबल्या आणि मग शिलाईची यंत्रेही. दुसऱ्या हंगामात तो कापसाच्या एका जिनात लागला. ज्या हातांनी केसाएवढी फट ओळखली त्या हातांनी तो तिथे पट्टे ओढू लागला आणि सरकीच्या धुळीत उभा राहू लागला. मी त्या वर्षाहून अधिक काळात एकदाही अकोल्याला गेलो नाही. आईला कळवले की परीक्षा आहेत. माघात मामाच्या छातीत कफ भरला, ताप चढला आणि नवव्या दिवशी तो गेला. डॉक्टरांनी त्या आजाराला जे नाव दिले ते मला मान्य आहे. तरी तो जिनात का गेला हे डॉक्टरांनी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो.

दशक्रियेला मोर्णेच्या काठी दोन माणसे माझ्या मागे उभी राहून बोलत होती. एक म्हणाला, "हात सोन्याचा होता." दुसरा म्हणाला, "त्या स्प्रिंगनं मारलं त्याले." मी वळून पाहिले नाही. मात्र अमरावतीला परत आल्यावर स्टेशनवरून होस्टेलवर न जाता मी सरळ वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांना सगळे सांगितले. खाच, निरोप, आजींचे तूप, माझे "हो आजी". आजी आता नाहीत, म्हणून मी ते हळू आवाजात सांगितले. वकीलसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुला मामाविषयी वाटतं ते साहजिक आहे. मेलेल्या माणसाबद्दल आता मी काही बोलत नाही. तूही बोलू नकोस. इंटरचं वर्ष आहे, अभ्यास कर." मी म्हणालो, "साहेब, ती स्प्रिंग तुमचीच होती." ते म्हणाले, "असेल. एका स्प्रिंगचं काय एवढं." त्यांच्या दृष्टीने ते मोठे मन होते. पक्षकारांसमोर ज्या स्प्रिंगपायी माणूस उभा कापला, ती आता एक स्प्रिंग झाली. मला त्यांचा राग येतो. माझा स्वतःचाही येतो. दोन्ही मी लपवत नाही.

गेल्या आठवड्यात मामीने बोलावले. दुकान रिकामे करून द्यायचे होते, तिथे पानठेला येणार आहे. आम्ही दोघांनी सामान बाहेर काढले. पकड, कानशी, एरंडेलाची बाटली, चामड्याचे तुकडे. आत काही उरले नाही तेव्हा समोरच्या भिंतीवर एक पाटी दिसली. मी ती पूर्वी पाहिलेली नव्हती. पत्र्यावर पांढऱ्या रंगाने मामाने स्वतः लिहिलेली, अक्षरे एका उंचीची, कडेला मोजपट्टीने ओढलेली रेघ. मामीला वाचता येत नाही. ती म्हणाली, "मागच्या साली लावली त्यानं. काय लिहिलं म्हणून विचारलं तं म्हणे, गिऱ्हाइकासाठी हाय. वाच बरं."

मी वाचली. "छऱ्याच्या बंदुका दुरुस्त होतील. पूजेत नळीमध्ये तेल तूप घालू नये. निरोप मालकालेच सांगण्यात येईल, दुसऱ्याच्या हाती देण्यात येणार नाही."

मामी पदराने हात पुसत होती, ती थांबली. "दुसऱ्याच्या हाती म्हणजे? कोणाच्या हाती देला होता?"

"माझ्या," मी म्हणालो.

तिने जवळ जाऊन पाटीच्या अक्षरांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचली. तिने सामानातून पेचकस शोधून माझ्या हातात दिला. "आता काढ. अन् तूच घेऊन जाय. मले नको घरात." पाटीला चार स्क्रू होते. चारही स्क्रूंच्या खाचा सरळ उभ्या, एका रेषेत होत्या. मामा शेवटचा पिळा तसाच द्यायचा, कोणी पाहो वा न पाहो.

ती पाटी मी होस्टेलमधल्या माझ्या खोलीत लावली आहे. खोल्या तपासायला कमिटी दर तीन महिन्यांनी येते, आणि आमच्या मजल्यावर वकीलसाहेब स्वतः येतात. पाटी दारासमोरच्या भिंतीवर आहे.